बनारसी आवळा

प्रतापगडास (उत्तर प्रदेशातल्या; महाराजांच्या नव्हे) असताना आम्ही बंगल्याच्या आवारात बनारसी आवळ्याचे कलम लावले. फळ टपोरे, धागा थोडा, मोरावळ्याला उत्तम. पण झाड मोठे कृपण! मादीफुले मोजकीच, त्यातून एकटे असले की फळण्याची आशा फारच थोडी. माळ्याच्या सांगण्यावरून शेजारी चकैया लावला. तो धाग्याचा, लोणच्याच्या कामाचा. परंतु भरभरून धरणारा. कलमाला फळ धरावयास चार-पाच वर्षे लागतात. आमची बदली तिसऱ्याच वर्षी झाली. पुढे आमच्या जागी आलेल्या साहेबांच्या पत्नीने त्याच झाडाच्या मुरंब्याची बरणी धाडली. आमच्या कुटुंबाने एक आवळा चाखला, "वेलदोडा विसरल्या वाटतं," म्हटले आणि बरणी फडताळात अगदी वर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवली.