ताप उतरला, पुढे काय?

ताप उतरला की आजार संपला, हे आपलं जुनं गणित. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो, आई-बाबा ऑफिसला आणि मूल शाळेत! पण मुलाचा आजार त्या दिवशी अर्धाच संपलेला असतो. उरलेला अर्धा वर्गात सुरू होतो.

माझा भाचा तिसरीत आहे. पार्ले ईस्टला, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो. मध्यंतरी त्याला न्यूमोनिया झाला, पंधरा दिवस शाळा बुडली. मावशी फ्रीलान्सर आहे याचा घरच्यांना कळणारा अर्थ एकच, ही दुपारी मोकळी असते! त्यामुळे त्याला शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. पहिला आठवडाभर रोज तेच. डबा जवळजवळ भरलेला आणि पाण्याची बाटली मात्र पार रिकामी. विचारलं तर म्हणाला, "खोकला आला की पाणी पितो गं. नाहीतर सगळे वळून बघतात."

म्हणजे हा आठ वर्षांचा मुलगा दिवसभर खोकला गिळत बसत होता. गुणाकार डोक्यात शिरणार कसे?

हे वळून बघणं मला नवीन नाही. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूमुळे मुंबईतल्या शाळा आठवडाभर बंद होत्या, तेव्हा मी शाळेत होते. शाळा उघडल्यावर कुणी शिंकलं की शेजारचे बेंचवरून उठून पळायचे. सगळा वर्ग हसायचा, शिंकणारा सोडून. पुढे कोविड आला. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला १५ डिसेंबर २०२१ उजाडला. भाच्याला ते दिवस धड आठवतही नाहीत. खोकणाऱ्याकडे संशयाने बघायला शिकलो ते आपण मोठे. मुलं फक्त आपलं बघून शिकली.

खरं तर छातीचा संसर्ग बरा झाल्यावरही खोकला काही आठवडे रेंगाळू शकतो. थकवाही. त्यात आमच्या पार्ल्यात गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंटची धूळ! म्हणून नियम साधे ठेवावेत. तापाचं औषध न देता पूर्ण एक दिवस ताप नाही, मूल जेवतंय, झोपतंय, खेळतंय, तरच शाळा. पीटीला थोडी सुट्टी. धाप लागली, छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, ताप परतला, तर लगेच डॉक्टर. आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर 'जाईल आपोआप' म्हणत बसायचं नाही, तपासून घ्यायचं.

भाच्याच्या बाबतीत मार्ग निघाला तो टीचरशी बोलून. त्यांनी त्याला दाराजवळची जागा दिली, खोकला आला की न विचारता बाहेर जायची मुभा दिली. मुख्य म्हणजे वर्गाला सरळ सांगितलं, "तो बरा होतोय, म्हणून खोकतोय." एवढ्या एका वाक्याने निम्मं काम झालं. त्या आठवड्यात डबा रिकामा यायला लागला.

आपण काय करतो? बुडालेल्या वह्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागतो आणि रात्री जागून पूर्ण करून घेतो. वर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस हुकलं म्हणून हळहळतो! वह्या पंधरा दिवसांनी पूर्ण झाल्या तरी चालतं. शाळेतून आलेल्या मुलाला आधी 'आज काय शिकवलं?' असं विचारण्याऐवजी 'आज दमलास का रे?' एवढं विचारून बघा. उत्तर बरंच लांबलचक मिळेल.