दोष मुलांचा नव्हता

डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना सर्वांत अवघड विषय कोणता वाटतो? अकरावी-बारावीच्या कुठल्याही वर्गात विचारा, बहुतेकांचं उत्तर एकच येईल : फिजिक्स. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या रिॲक्शन्स त्रास देतात, बायोलॉजीचा पसारा मोठा आहे, पण धडकी भरते ती फिजिक्सचीच. मी हाच विषय कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. या उत्तराचा अर्थ मी वर्षानुवर्षं एकच लावत आलो : गणित सोडून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलेल्या, म्हणजे पीसीबीच्या मुलांना विचार करायचा नसतो, पाठ करायचं असतं.

या समजाला खतपाणी मिळत होतं ते परीक्षेच्या गणितातून. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे नीटमध्ये, १८० प्रश्न. त्यांतले ९० बायोलॉजीचे, फिजिक्सचे फक्त ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. मुलं सरळ हिशेब मांडतात : बायो पक्कं करू, केमिस्ट्री सांभाळू, फिजिक्स जमेल तेवढं. मला हा पळपुटेपणा वाटायचा. 'गणित सोडलंत, आता फिजिक्सही सोडा,' असं मी भर वर्गात बोलत असे. समोरच्या कोवळ्या मुलांना ते किती लागत असेल, याचा विचार मी केला नाही.

माझं मत बदललं ते एका विद्यार्थिनीच्या वहीमुळे. मी वर्गात नेहमीचा प्रश्न विचारला होता. चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वांत वरच्या बिंदूवर त्याचा वेग किती आणि त्वरण किती? गणित घेतलेल्या हुशार मुलांनी चटकन सांगितलं, दोन्ही शून्य. पीसीबीची ही मुलगी म्हणाली, "वेग शून्य, पण ॲक्सिलरेशन शून्य कसं असेल, सर? मग चेंडू तिथेच राहिला असता ना?" पाठांतरातून हे उत्तर येत नाही. चेंडू डोळ्यांसमोर आणावा लागतो.

त्याच तासाला दिलेलं उदाहरण मात्र तिचं चुकलं. एका वस्तूने कापलेलं अंतर मीटरमध्ये, काळाच्या वर्गाच्या तिप्पट, असं दिलं होतं. दोन सेकंदांनंतरचा वेग काढायचा होता. उत्तर यायला हवं १२, तिचं आलं ६. मी वही ओढून घेतली. वेगाचं सूत्र डीएक्स भागिले डीटी, यातला वरचा डी आणि खालचा डी तिने रेघ मारून कापले होते. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "सर, वर-खाली सारखंच आहे ना, म्हणून छाटलं."

दहावीपर्यंत शिकलेल्या बीजगणितात हेच तर करायचं असतं. डी हे अक्षर म्हणजे एखादी राशी नाही, 'अगदी थोडा बदल' असा त्याचा अर्थ आहे, हे तिला कोणी सांगितलं होतं? फळ्यावर ते चिन्ह रोज मीच लिहीत होतो.

तिचं सहा हे उत्तर निरर्थकही नव्हतं. पहिल्या दोन सेकंदांतला सरासरी वेग सहाच होता. मग मी तिला दोन ते २.१ सेकंद या वेळातला सरासरी वेग काढायला सांगितला. १२.३ आला. दोन ते २.०१ सेकंदांतला काढला, १२.०३. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाराकडे चाललंय, सर." दहावीच्या गुणाकार-भागाकारावर ती डेरिव्हेटिव्हच्या दारात पोचली होती. तिला आळशी ठरवणारा मी मात्र तिथवर न्यायची तसदी घेत नव्हतो.

राज्य मंडळाच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये दुसरं प्रकरणच मुळी गणिताच्या पद्धतींचं आहे. व्हेक्टर्स आणि कॅल्क्युलसची तोंडओळख त्यात आहे. 'हे मॅथ्सचे सर शिकवतील,' म्हणून मी ते घाईने उरकत असे. ज्यांना मॅथ्सचे सरच नाहीत, त्यांनी काय करायचं, हा प्रश्न मला पडला नाही. ती माझी नुसती चूक नव्हती, तो अन्याय होता. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्यांना त्याच सुमारास सगळ्या संज्ञा इंग्रजीत नव्याने शिकाव्या लागतात. इतकं ओझं एकदम पडल्यावर मूल पाठांतराकडे वळलं, तर ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. त्याच्यापुढे दुसरी वाट आम्ही ठेवलेली नसते.

आता ते प्रकरण मी सावकाश शिकवतो. आधी आलेख, मग त्याचा चढ, मग आकडे, चिन्ह सर्वांत शेवटी. फिजिक्स सोपं झालं असं मी म्हणणार नाही. रोटेशन अजूनही अडतं, करंट इलेक्ट्रिसिटीत अजूनही गोंधळ होतो. पण मुलं आता प्रश्न विचारतात.

फिजिक्स कळणं हे फक्त गुणांपुरतं नाही. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हा प्वाझेचा नियम. रक्तवाहिनी थोडी अरुंद झाली तरी एवढं का बिघडतं, याचं पहिलं उत्तर त्यात आहे. उद्याच्या डॉक्टरला ते फक्त पाठ असावं की कळलेलं असावं?

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि पालकांना एकच विनंती आहे. डॉक्टर होऊ पाहणारं मूल फिजिक्सला घाबरत असेल, तर त्याच्या बुद्धीवर शंका घेऊ नका. त्याचं गणित कुठे थांबलं ते विचारा, आणि तिथून शिकवायला सुरुवात करा.