थोरली पेढी, धाकटी पेढी

थोरल्या पेढीपाशी भांडवल, बाजारपेठ आणि पत असते. धाकटीपाशी पुष्कळदा एक नवी कल्पनाच असते. ती विकत घेऊन जुन्या शिस्तीत कोंडली तर कोमेजते. नुसते कौतुक केले तर भांडवलावाचून अडते.

जर्मनीतील माइन्झ येथे २००८ साली उगुर शाहीन व ओझ्लेम त्युरेजी या डॉक्टर दांपत्याने सहकाऱ्यांसह ‘बायोएनटेक’ स्थापन केली. ‘फायझर’ ही अमेरिकी कंपनी तर १८४९ पासूनची. २०१८ मध्ये दोघींनी फ्ल्यूच्या लसीसाठी करार केला होता. म्हणूनच मार्च २०२० मध्ये कोविडच्या लसीसाठी एकत्र येताना ओळखीत वेळ गेला नाही. मूळ तंत्र बायोएनटेकचे, जगभर चाचण्या, उत्पादन व वितरण करण्याचे बळ प्रामुख्याने फायझरचे, नफा निम्मा-निम्मा. २ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनने लसीला मान्यता दिली.

या यशाचे मर्म आधीच्या परिचयात आणि त्या निम्म्या वाट्यात आहे. धाकटीला माल पुरवणारी न मानता भागीदार मानले, की तिची बुद्धी मोकळेपणाने चालते. सारे आपल्याच हाती ठेवण्याचा मोह आवरणे, ही थोरलीची सर्वांत अवघड गुंतवणूक होय. घरातील नवी पिढी नवा उद्योग मांडते, तेव्हा गादीवरील वडीलधाऱ्यांचीही हीच कसोटी असते.