ब्लेड रनर, मोसंबी आणि मामा

परवा ऑफिसात जेवताना आमच्या टीममधल्या नव्या पोराने विचारलं, "दादा, वीकेंडला खेळायला एखादा गेम सांग ना. नुसत्या गोळ्या घालायचा नको, डोकं चालवायचा सांग." मी लगेच म्हटलं, "ब्लेड रनर." त्याने मोबाइलवर शोधलं आणि तोंड वाकडं केलं. "१९९७? अरे, हा तर माझ्यापेक्षा म्हातारा आहे!"

माझ्याच वयाचा आहे, पण ते मी त्याला सांगितलं नाही. :)

मग तो म्हणाला, "बरं, स्टेप बाय स्टेप उत्तरं असलेली पीडीएफ वगैरे आहे का?" आता आली का पंचाईत! या गेमची खरी गंमत अशी की दुसऱ्याची उत्तरं तुमच्या कामाची असतीलच असं नाही. तेव्हा म्हटलं, या शनिवारी हेच लिहून टाकू.

आधी थोडी ओळख. १९८२ साली रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' हा सिनेमा आला होता. गेम त्याच जगातला, पण कथा वेगळी. वेस्टवूड स्टुडिओज या कंपनीने तो १९९७ मध्ये चार सीडींवर काढला. काळ नोव्हेंबर २०१९, शहर लॉस एंजेलिस. माणसासारखे हुबेहूब दिसणारे कृत्रिम लोक, म्हणजे रेप्लिकंट, पृथ्वीवर लपून राहतायत. त्यांना हुडकून 'रिटायर' करणारे पोलीस म्हणजे ब्लेड रनर. (रिटायर म्हणजे ठार मारणे. आमच्या एचआरने हा शब्द ऐकू नये.) तुम्ही असता रे मॅककॉय, या खात्यातला नवशिका. घरी मॅगी नावाची कुत्री. आणि बाहेर पाऊस. संपूर्ण गेमभर पाऊस.

आता खेळायचं कसं ते.

पहिली गोष्ट, हा कोडी सोडवायचा गेम नाही. त्या काळच्या बाकी ॲडव्हेंचर गेम्समध्ये दोरीला चमचा बांधून किल्ली काढण्याचे प्रकार असायचे, तसलं इथे काही नाही. इथे पुरावे गोळा करायचे, लोकांशी बोलायचं आणि कोणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचं. कर्सर फिरवत सगळा कोपरान् कोपरा बघा. जमिनीवर पडलेली गोळीची पुंगळी, फोटो, काहीही सोडू नका.

दुसरी गोष्ट, के-आय-ए. ही तुमची डायरी. मिळालेला प्रत्येक पुरावा यात जातो आणि संशयितानुसार किंवा गुन्ह्याच्या जागेनुसार गाळून बघता येतो. आम्ही डेटाबेसवाले लोक तर याच्या प्रेमातच पडतो. पण पोलीस मुख्यालयात जाऊन ती मुख्य कॉम्प्युटरला जोडायला विसरू नका. तुमची सहकारी क्रिस्टल स्टील तिच्या बाजूने तपास करतच असते. डायरी जोडली की तिचे पुरावे तुम्हाला मिळतात, तुमचे तिला. या गेममधली माणसं तुमच्यासाठी थांबून राहत नाहीत, आपापल्या कामाला लागलेली असतात.

तिसरी गोष्ट, एस्पर. फोटो यंत्रात घालायचा, माऊसने चौकोन ओढायचा, आणि फोटो आत आत उघडत जातो. मागच्या टेबलाजवळ कोण उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, सगळं. घाई करू नका. पूर्ण फोटो पालथा घाला.

चौथी, बोलणं. सेटिंगमध्ये मॅककॉयचा स्वभाव निवडता येतो: नम्र, साधा, तुसडा, लहरी. नाहीतर प्रत्येक वेळी प्रश्न स्वतः निवडायचा. हे शेवटचं निवडा. नाहीतर आपण फक्त प्रेक्षक.

पाचवी, बंदूक. राइट क्लिक केलं की मॅककॉय बंदूक काढतो. समोरचा माणूस ती बघतो आणि मग नीट बोलत नाही. सुरुवातीलाच चायनाटाऊनमधला झुबेन नावाचा आचारी तुमच्यावर भांडं फेकून पळतो. गल्लीत गाठलात की गोळी घालायची की जाऊ द्यायचं, हे तुम्हीच ठरवायचं. गेम सांगत नाही. थांबून विचारतही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नवा गेम सुरू केला की संशयितांपैकी कोण माणूस आणि कोण रेप्लिकंट हे काही जणांच्या बाबतीत नव्याने ठरतं. म्हणजे मित्राने सांगितलं की ती लुसी रेप्लिकंट आहे, तर ती त्याच्या गेममध्ये. तुमच्या गेममध्ये ती साधी, घाबरलेली पोरगी असू शकते. म्हणून पीडीएफ नाही. शेवटही डझनभर आहेत, त्यामुळे 'खरा' शेवट कोणता असं विचारू नका.

ओळखायचं कसं? त्यासाठी व्होइट-काम्फ चाचणी. समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि यंत्र त्याच्या डोळ्याकडे बघतं. प्रश्नांचे तीन प्रकार: सौम्य, मध्यम, तीव्र. एकीकडे माणूस की रेप्लिकंट याचा अंदाज वर चढतो, दुसरीकडे त्याची घालमेल वाढत जाते. सारखे तीव्र प्रश्न मारलेत तर तो उठतो आणि चाचणी संपते. सौम्यने सुरुवात करा, अंदाज बघत बघत पुढे जा. या प्रश्नांमध्ये जनावरं बरीच असतात. कारण त्या जगात खरी जनावरं जवळपास संपलीयत, आणि जनावराचं दुःख ज्याला आतून लागतं तो माणूस, असं ते साधं गणित आहे.

इथपर्यंत मार्गदर्शन झालं. आता थोडं आमच्या जालन्याचं.

मला हा गेम मिळाला २०१३ च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा संपल्यावर. औरंगाबादला इंजिनिअरिंग केलेल्या आतेभावाच्या खोक्यात त्या चार सीडी होत्या. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, तो दुष्काळ. घाणेवाडीचा तलाव, निजामाच्या काळातला, पार आटला होता. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. आई टँकरच्या आवाजाकडे कान लावून असायची. आणि मी आतल्या खोलीत एक्सपीच्या मशीनसमोर बसून त्या पावसात भिजत हिंडायचो. एकदा आई पडद्याकडे बघत म्हणाली, "एवढं पाणी वाहून चाललंय आणि एकाच्याही गच्चीवर टाकी नाही."

माझे मामा अंबड तालुक्यात असतात. मोसंबीची बाग होती, चारशे झाडं. त्या वर्षी जिल्ह्यात बागांच्या बागा जळाल्या. मामांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला, मग अर्धी सोडून अर्धी, मग तीही सोडली. सरपण झालं सगळं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मामा अचानक घरी आले. जनावरांच्या बाजारातून. हातात एक पिशवी, तिच्यात घुंगरमाळा. हरण्या आणि बाळ्या, लाल कंधारी जोडी, विकून आले होते. आईने पाणी दिलं. ते माझ्या मागे पलंगावर येऊन बसले.

"काय चालू राहिलं रे?"

गेम सुरुवातीच्याच केसवर होता. रनसिटर नावाच्या माणसाचं जनावरांचं दुकान, आत घुसून कोणीतरी सगळी जनावरं मारून टाकलीयत, आणि मॅककॉय तपासाला आलाय. मी सांगितलं.

"जनावरं मेली म्हणून पोलीस आले?"

"हो मामा. त्या काळात जनावरं उरलेलीच नसतात ना. लय किंमत असते त्यांना."

"कोणतं साल हे?"

"२०१९."

"म्हणजे सहा वर्षांनी," मामा म्हणाले. हसले नाहीत.

आणि मी, मान न वळवता, माऊस हलवत विचारलं, "मामा, बैलांचे किती आले?"

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. थोड्या वेळाने म्हणाले, "पाऊस लय आहे तुझ्या गावात," आणि उठून बाहेर आईजवळ जाऊन बसले. संध्याकाळच्या बसने गेले. जेवलेही नाहीत.

तो गेम मी त्या सुट्टीत पूर्ण केला. झुबेनला मारलं, लुसीला मारलं, समोर येईल त्याला मारलं, कारण रिटायर केल्याचे पैसे मिळतात. लुसी माणूस होती की नव्हती हे बघितलंसुद्धा नाही.

नंतर इंजिनिअरिंग, नोकरी, पुणे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये फ्लॅटवर एकटाच अडकलो तेव्हा गेम परत आठवला. मधल्या काळात त्याची वेगळीच गोष्ट झाली होती. वेस्टवूड २००३ मध्ये बंद पडली आणि गेमचा मूळ सोर्स कोड हरवला. (बॅकअप घ्या रे बाबांनो!) शेवटी स्कमव्हीएम या मुक्त प्रकल्पातल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून गेम उलट्या बाजूने उलगडला आणि २०१९ मध्ये, म्हणजे कथेतल्याच वर्षी, तो आजच्या मशीनवर चालायला लागला. त्याच डिसेंबरमध्ये जीओजीवर विकतही मिळू लागला. २०२२ मध्ये नाइटडाइव्हने सुधारित आवृत्ती काढली, पण तुम्ही मूळच खेळा.

तर लॉकडाउनमध्ये पहिल्याच केसला मी अडकलो. कोडं अवघड म्हणून नाही. दुकानात ती मेलेली जनावरं बघून मला पलंगावर बसलेले मामा आठवले. व्होइट-काम्फ चाचणीत पहिलाच प्रश्न तीव्र टाकायचा नसतो, आणि मी तर डोळ्यांकडे बघितलंही नव्हतं.

त्या वेळी फोन केला नाही. काय बोलणार? तो केला गेल्या रविवारी, बारा वर्षांनी, त्या पोराशी गेमबद्दल बोलल्यावर. मामा आता भाड्याच्या ट्रॅक्टरने शेती करतात. बाग परत लावलीय, ठिबकवर. दारात एक गाय आहे. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हटलं, "मामा, त्या दुष्काळात तुम्ही बैल विकून आमच्याकडं आला होता, आणि मी तुम्हाला विचारलं होतं ना..."

"अठ्ठावीस हजार," मामा म्हणाले. "जोडीचे."

मला पुढे बोलताच येईना. मग त्यांनीच सांगितलं. हरण्या गाडीत चढेना म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवून यांनाच चढवावं लागलं. घेणारा पैठणकडचा शेतकरी होता, चारा आहे म्हणाला, नांगराला जुंपणार म्हणाला.

"असं तो म्हणाला," मामा परत म्हणाले. "आपण कुठं बघायला गेलो."

मी सॉरी म्हणालो. ते म्हणाले, "तू लेकरू होतास," आणि मग नेहमीसारखं, "पाऊस आहे का तिकडं?" होता. पुण्यात सकाळपासून लागून होता. तसं सांगितलं.

असो. गेम जरूर खेळा. दर अर्ध्या तासाने सेव्ह करा, डायरी जोडायला विसरू नका, बंदूक शक्यतो खिशात ठेवा. आणि प्रश्न विचारताना स्क्रीनवरून मान वळवून समोरच्याकडे बघा.