दुसरे उष्टावण

जिलब्या खाण्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात आजोबांचे नाव होते. ते गेल्यावर ती गादी बरीच वर्षे रिकामी होती. मग 1989 साली एका मावसभावाच्या मुंजीत मी एका बैठकीत 27 जिलब्या खाल्ल्या (मठ्ठा वेगळा), आणि यजमानांनी मुदपाकखान्यातून आचाऱ्याला मुद्दाम बाहेर बोलावून “हाच तो” म्हणून मला दाखवले. त्या दिवसापासून पुण्यातल्या निदान तीन पेठांत माझे नाव झाले. कार्याच्या याद्या करताना लोक माझ्या नावापुढे दोन पाने धरीत. माणसाला कोणत्या ना कोणत्या क्षेत्रात कीर्ती मिळावी लागते. काहींना ती गाण्यात मिळते, काहींना क्रिकेटमध्ये. मला पंगतीत मिळाली.

कीर्तीचे ओझे असते म्हणतात. माझे 124 किलो होते.

उंची 168 सेंटिमीटर. डॉक्टरमंडळी वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा काढतात, तो भारतीय माणसाचा 23 च्या आत असावा, असे त्यांचे म्हणणे. माझा 44 च्या आसपास होता. रिक्षावाले मला पाहून आधी मागच्या चाकाकडे बघत. रक्तदाब होता, साखर होती, गुडघे होते (म्हणजे दुखत होते), आणि रात्री घोरता घोरता श्वास मधेच थांबे, तेव्हा सौ. उठून बसे आणि तो पुन्हा सुरू झाला की कपाळाला हात लावून झोपे. उपाय सगळे झाले. गरम पाण्यात लिंबू झाले, मध झाला. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारा एक पंथ आपल्याकडे आहे आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खा म्हणणारा दुसरा. मी दोन्ही पंथ एकाच वेळी पाळून पाहिले. सहा किलो वाढले.

शेवटी डॉक्टर म्हणाले, “स्लीव्ह करून टाकू.”

“म्हणजे बाही?” सौ.ने विचारले. तिने ऐन तारुण्यात शिवणाचा क्लास केलेला आहे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. जठर म्हणजे फुगलेली पिशवी. तिचा पाऊण हिस्सा, खरे तर पाऊणाहून थोडा जास्तच, उभा कापून काढायचा. उरते ती केळ्याएवढी नळी, म्हणून ती बाही. कापताना कडेने बारीक पिना मारीत जायचे. मी 31 वर्षे बँकेत काढली. नोटांच्या गड्ड्यांना पिना मारायला रिझर्व्ह बँकेने केव्हाच बंदी केली आहे, कारण नोटा फाटतात. जठराबद्दल मात्र रिझर्व्ह बँकेचे काही म्हणणे दिसले नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. भूक लावणारे घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक असते. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते, आणि नेमका तोच भाग काढून टाकतात. हे द्रव्य 1999 साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. माझ्या खाण्याला जबाबदार कोण, हा वाद आमच्या घरी लग्नापासून चालला होता (सौ. म्हणे तुमची आई, आई म्हणे पुण्याचे पाणी). तो जपानने परस्पर सोडवला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दिवाळीनंतरचा मुहूर्त ठरला. आधी दोन आठवडे पथ्य, कारण चरबीने सुजलेले यकृत आकसले नाही तर डॉक्टरांना जठर दिसत नाही. घरात चकल्यांचा डबा अर्धा भरलेला असताना माणूस डाळीच्या पाण्यावर राहतो, ह्याला तप म्हणतात. पण ऋषिमुनींच्या तपाला निदान चकलीचा वास येत नव्हता.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही, कारण मी तिथे झोपेत होतो. पोटाला पाच भोके पाडून काम झाले. पोटात वायू भरून ते फुगवतात, त्याची कळ नंतर खांद्यात येते. पोट कापले म्हणून खांदा दुखतो, हा प्रकार थेट सरकारी कारभारासारखा वाटला. संध्याकाळी मला धरून चालवले आणि दुसऱ्या दिवशी माझे पहिले जेवण आले. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर प्लॅस्टिकचे जे टोपणवजा माप असते, ते भरून पाणी. तीस मिलिलिटर.

“काका, एक घोट घ्या,” नर्स म्हणाली. “आता थांबा. सगळं एकदम नाही.”

पूर्वी जेवायला बसताना मी पानाभोवती पाणी फिरवून जेवढे आपोशन घेई, तेवढे ते पाणी होते. ते संपवायला मला पंधरा मिनिटे लागली, आणि संपल्यावर (हे कोणाला खरे वाटणार नाही) मला ढेकर आली.

खरा प्रश्न घरी वाट बघत होता. आई 84 वर्षांची आहे. तिने जन्मात मला “कसा आहेस?” असे विचारलेले नाही. ती “जेवलास का?” असे विचारते. मी मॅट्रिक झालो तेव्हा तिने शिरा केला. बँकेच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो तेव्हाही शिराच केला, फक्त तूप जास्त घातले. 2004 साली बाबा गेले. सगळे दिवस होऊन पाहुणे पांगल्यावर तिने माझ्या पानात पोळी वाढली, तिच्यावर तुपाचा गोळा ठेवला आणि तो विरघळेपर्यंत शेजारी बसून राहिली. बाबांविषयी आमचे त्यापलीकडे कधी काही बोलणे झाले नाही. झाले नाही असे तरी कसे म्हणू? तेच बोलणे होते. अशा बाईला आता सांगायचे होते की दोन आठवडे नुसते पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि जन्मात पुन्हा आग्रह नाही.

“दोन आठवडे नुसतं पाणी?” आई म्हणाली. “अरे, एकादशीलासुद्धा माणूस शेंगदाण्याची आमटी खातो!”

पहिले चार दिवस ती गप्प होती. पाचव्या दिवसापासून मुगाच्या वरच्या पाण्यात मूग उतरू लागले. मला शंका आली, पण वास इतका आपुलकीचा होता की मी कानाडोळा केला. आठव्या दिवशी दीड चमचा आत गेला आणि छातीच्या मधोमध गच्च काहीतरी अडकले. खाली जाईना, वर येईना. नुसती लाळ सुटली आणि तोंडाला फेस आला. आपल्याकडे काम करून करून तोंडाला फेस येतो असे म्हणतात. मला तो दीड चमचा मुगाने आणला. वीस मिनिटे मी बेसिनपाशी उभा होतो आणि आई दारात. काही न बोलता ती देवघरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने जेवणच कमी केले. अर्धी पोळी, चमचाभर भात. “मला भूक नाही,” म्हणे. सौ.ने रागावून पाहिले, मुलीने फोनवरून समजावून पाहिले. मग एकदा तिने सौ.ला सांगितले, “तो तिकडे चमच्याने पाणी पितोय. माझ्या घशाखाली घास उतरेल का?” तीन आठवड्यांनी सौ.ने दोघांनाही काट्यावर उभे केले. आई अडीच किलोंनी उतरली होती. सौ. म्हणाली, “पैसे एकाच ऑपरेशनचे घेतलेत, आणि वजन दोघांचं उतरतंय.” हे तिने हसत सांगितले, पण नंतर स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजली.

माझे म्हणाल तर पोटाची भूक खरोखरच गेली होती. डोक्यातली नव्हती. हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते, पण कापायच्या आधी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहते? रात्री दोन वाजता मी पांघरुणाखाली मोबाइल घेऊन मिसळीचे व्हिडिओ पाही. कट कसा वर येतो, फरसाण कधी घालायचे, लिंबू कुठे पिळायचे. एकदा सौ.ने पांघरूण ओढले. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर भलताच संशय होता. पडद्यावर बटाटेवडा तेलात उलटताना पाहून तिचा जीव भांड्यात पडला. मग तीही शेजारी पडून पाहू लागली. “गॅस मोठा ठेवलाय मेल्यानं,” असे म्हणाली.

मिक्सरच्या पंधरवड्यावर एक स्वतंत्र लेख होईल. मिक्सरमधून निघाल्यावर दुधी, पालक, मूग आणि पनीर ह्यांच्यात काही भेद उरत नाही. संतांना समतेसाठी इतका उपदेश का करावा लागला कळत नाही. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेलीच पाहिजेत असा हुकूम होता. त्यासाठी एक पावडर मिळते, तिला व्हॅनिलाचा वास येतो आणि चव भिंतीची असते. शिवाय अंडे. आमच्या स्वयंपाकघरात अंडे ह्यापूर्वी आले नव्हते. आईने बराच विचार करून “औषध म्हणून चालेल” असा निर्णय दिला, आणि त्याला बाल्कनीत एक जुने पातेले नेमून दिले.

संक्रांत आली. मऊ भात दोन चमचे घ्यायला परवानगी मिळाली होती, पण डाळ आधी आणि भात मागून, प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावून, आणि पाणी अर्ध्या तासाने. बाकीच्यांच्या पानात गूळपोळ्या होत्या. मी बसलो, आणि आईने पदराआडून एक वाटी काढली. चांदीची, काठाला चेपलेली, लिंबाएवढी. मला ओळखू आली नाही.

“तुझ्या उष्टावणाची,” ती म्हणाली. “मामानं दिली होती. काल कपाटाच्या तळातून काढली. डॉक्टर म्हणतात तेवढंच मावतं हिच्यात. मी पाण्यानं मोजून बघितलं. त्या प्लॅस्टिकच्या टोपणानं.”

तिने वरण आणि भात बोटांनी अगदी गिळगिळीत कालवला होता. मीठ, लिंबाचे दोन थेंब, साजूक तूप नखाएवढे. तूप घालताना तिने सौ.कडे परवानगीसाठी पाहिले. हे आमच्या घराच्या इतिहासात प्रथमच घडले. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि आई माझ्या जबड्याकडे बघत मोजू लागली. सव्विसाव्या वेळी मी गिळले तेव्हा म्हणाली, “अजून चार.” सौ. म्हणाली, “संक्रांतच आहे, बोरन्हाणही उरकून घ्या.”

चार चमच्यांना वीस मिनिटे लागली. वाटी रिकामी झाली. आईने ती उलटी करून पाहिली. मी श्वास रोखून धरला, कारण ह्यापुढचे तिचे वाक्य गेली 56 वर्षे ठरलेले आहे. ते आले नाही. ती उठली, हात धुऊन आली आणि म्हणाली, “सूनबाई, माझं पान वाढ गं. दोन पोळ्या घेईन.”

त्यानंतर सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. पाडव्याला मी सर्वांची नजर चुकवून तीन चमचे श्रीखंड खाल्ले. वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, आणि जमीन सरकते आहे असे वाटून मी सोफ्यावर आडवा झालो. साखर त्या अरुंद नळीतून भराभर खाली आतड्यात उतरली की असे होते. चोरीची शिक्षा इतक्या तातडीने देणारे न्यायालय मी दुसरे पाहिले नाही. केस गळाले, ते हळूहळू परत येत आहेत. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र जन्माच्या मागे लागल्या. विजारी आत घेता घेता शिंप्याने मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या भेटीला आणले. आणि लोक! जाड होतो तेव्हा “वजन कमी करा” म्हणणारेच आता सौ.ला बाजूला घेऊन हलक्या आवाजात “रिपोर्ट काय आलाय?” असे विचारू लागले. आता वर्ष होऊन गेले. काटा 84 वर आहे, साखरेची गोळी बंद झाली आहे, आणि मी घोरत नाही म्हणून सौ.ला सुरुवातीला झोप येत नसे. मी आहे ना हे बघायला ती दोनदा उठे.

पण आठवण काढायची ती त्या मे महिन्यातल्या भाचीच्या लग्नाची. मंगल कार्यालय, केळीची पाने, आणि आई माझ्या शेजारी. पंगतीतले श्लोक संपेपर्यंत पूर्वी माझा भात संपत आलेला असे. आता माझे जेवणच संपते. जुन्या काळी मी चित्राहुती घालीत असे त्याहून किंचित जास्त अन्न पानात होते. तेवढ्यात जिलब्यांची परात घेऊन एक वयस्कर गृहस्थ आले. 1989 ची ती मुंज त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली.

“वा! सम्राट!” ते ओरडले. अख्खी पंगत वळून बघू लागली. “हे काय, पान कोरडं? अहो, तुमच्यासाठी वेगळा घाणा काढलाय. माझी शपथ आहे, पाच तरी!”

मी “नको” म्हणालो. आपल्याकडे पंगतीत “नको” ह्या शब्दाचा अर्थ “थोडा आग्रह करा” असा होतो, हे मीच त्या तीन पेठांना शिकवले होते. झारा माझ्या पानावर आला. आणि पानावर एक हात पडला. जन्मभर मी आडवा हात मारीत आलो. आज पानावर आडवा पडलेला हात आईचा होता.

“त्याला नको,” आई म्हणाली. “उष्टावण होऊन चारच महिने झालेत त्याचं. जिलबी कुठली पचतेय?”

गृहस्थ आ वासून बघत राहिले.

“आणि परत नेऊ नका. त्याच्या वाटच्या दोन इकडे वाढा.”

तिने त्या खाल्ल्या. मठ्ठा वेगळा.