दातावरची रेघ

येलहंक्याच्या आमच्या इमारतीला कौलं नाहीत. नातीचा पहिला दुधाचा दात पडला, तेव्हा तो फेकायचा कुठं हा प्रश्नच पडला. सातव्या मजल्यावर उंदराचं बीळही सापडेना. शेवटी कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात त्याची सोय झाली. ठेवण्याआधी चष्मा लावून मी तो उजेडात फिरवला. रेघ नव्हती.

ही खोड मला इनामगावनं लावली. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले मातीचे कुंभ निघाले, आणि आत लहान मुलं. मोठ्यांचे पाय घोट्याशी तोडून त्यांना पुरत. मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून असावं, असा तर्क आहे. लेकरांसाठी कुंभ.

हाड जन्मभर स्वतःला मोडून पुन्हा बांधतं, जुनी दुखणी बुजवतं. दातावरच्या एनॅमलला ते जमत नाही. एनॅमल घडत असताना ताप, जुलाब, उपासमार आली की काम अडतं आणि तिथं रेघ किंवा खळगा राहतो, कायमचा. दुधाच्या दातांचं एनॅमल तर आईच्या पोटातच घडू लागतं. म्हणजे बाळंतपणाआधी तिनं काय सोसलं, तेही त्यात उमटू शकतं. मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या दुधाच्या सुळ्यांवरचे असे खळगे अभ्यासले. इ.स.पू. १००० नंतरच्या मुलांची वाढ खुंटलेली दिसते. उत्खननातले पुरातत्त्वज्ञ ढवळीकर यांनी दुष्काळाला दोष दिला; पुढं त्यावर मतभेद झाले.

मात्र रेघा जास्त म्हणजे गाव जास्त आजारी, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रेघ पडायला दुखण्यातून उठावं लागतं. चार दिवसांच्या तापात गेलेल्या मुलाचा दात स्वच्छच राहतो, आणि तक्त्यात ते मूल निरोगी ठरतं! अभ्यासकांनीच १९९२ साली हा पेच मांडला.

दुखणं घेऊन जगल्याची खूण हाडांवरही दिसते. उदयपूरजवळच्या बालाथलला सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा एक मध्यमवयीन पुरुष सापडला. त्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा आहेत, आणि हा रोग हाडापर्यंत पोचायला वर्षं घेतो. तेवढी वर्षं तो जगला. गावानं त्याला वेगळं ठेवलं होतं का, हे हाडांवरून ठरत नाही. पुरणारी माणसं मात्र होती. दगडी आवारात, जाळलेल्या शेणाच्या राखेत त्यांनी त्याला ठेवलं, आणि एवढं शेण जमवायला काही एकट्यादुकट्याचे हात पुरले नसतील.