पातळ थर, उंच पऱ्हाटी

२४ ऑगस्ट २०२४, यवतमाळ

एन्झाइमची कुपी आली. डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं, पण कुपी हाताला गार लागली. आत पांढरी भुकटी: असिटिलकोलिनएस्टरेज. दक्षिण अमेरिकेतल्या विजेचा झटका देणाऱ्या माशापासून काढलेलं. माणसाच्या शरीरातही हेच एन्झाइम नसेचा निरोप स्नायूला पोचला की असिटिलकोलिन तोडतं आणि स्नायू सैल पडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची ऑर्गनोफॉस्फेट औषधं नेमकी त्याच्या कामाच्या जागी चिकटून बसतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, शेवटी श्वास.

काम साधं वाटतं. कार्बनच्या इलेक्ट्रोडवर एन्झाइम बसवायचं आणि असिटिलथायोकोलिन द्यायचं. एन्झाइम ते तोडतं, थायोकोलिन सुटतं, इलेक्ट्रोडवर त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि प्रवाह मिळतो. औषधाचा अंश असला की प्रवाह उतरतो. अवघड शब्द एकच: ‘बसवायचं’.

२८ ऑगस्ट

नुसतं थेंब टाकून वाळवलेलं एन्झाइम बफरमध्ये बुडवताच धुऊन जातं. म्हणून पॉलिमर. हे नवीन नाही. लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज पडद्यांच्या मध्ये धरलं, आणि १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ते पॉलिअॅक्रिलमाइडच्या जेलमध्येच अडकवलं. आज गावोगावी साखर तपासायच्या पट्ट्या मिळतात त्या याच वंशातल्या. पवईच्या आयआयटीत तर अख्खा सेन्सरच एसयू-८ नावाच्या पॉलिमरचा घडवला. त्यावर प्रतिपिंडं धरून राहावीत म्हणून तापलेल्या तारेवर अमोनियाचं विघटन करून पृष्ठभागावर अमाइन गट रुजवले. आमच्याकडे तशी यंत्रं नाहीत. आम्ही कायटोसन घेतलं. कोळंबीच्या टरफलातून निघतं, सौम्य असिटिक आम्लात विरघळतं, वाळलं की पापुद्रा धरतं, आणि त्याच्या साखळीवर अमाइन गट आधीच असतात.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

गल्लीत पोरांचे लाकडी बैल. प्रयोगशाळेत मी आणि एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. तिचे वडील दारव्ह्याकडे दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला जातात. म्हणूनच हा विषय तिनं मागून घेतला. मी सुचवला नव्हता.

ग्लुटाराल्डिहाइडचं एक टोक कायटोसनच्या अमाइनला धरतं, दुसरं एन्झाइमच्या लायसिनला. कमी घातलं तर एन्झाइम सुटतं, जास्त घातलं तर ते जागेवर राहतं पण काम करत नाही. बैल दावणीला असा बांधावा की चारा गाठता आला पाहिजे. ती म्हणाली, “सर, मग जास्त एन्झाइम आणि जाड थर देऊ ना.” दिला. प्रवाह आला, पण रेंगाळत, कारण थायोकोलिनला त्या जाड थरातून वाट काढत खाली यावं लागतं. शिवाय एन्झाइमचा साठा इतका की थोडं मारलं गेलं तरी आकडा हलत नाही. मधुमेहाच्या पट्टीला असा भरपूर साठा सोयीचा; विष शोधणाऱ्या पट्टीला तोच आंधळं करतो. मला वाटतं, या विषयावरच्या निम्म्या निबंधांत इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण, ग्रॅफिन असं काय काय चढवतात आणि थराची जाडी मात्र एका ओळीत उरकतात.

९ सप्टेंबर

पाऊस, मग ऊन, मग उकाडा. असंच २०१७ मध्ये होतं. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, बोंडअळीच्या धास्तीनं दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, बॅटरीच्या पंपाचा बारीक तुषार आणि उघडं तोंड. जुलै ते ऑक्टोबरमध्ये जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, आठशेंच्या वर दवाखान्यात. तेव्हा इथे कोलिनएस्टरेज तपासायची सोय नव्हती; ही गोष्ट पुढे चौकशीत निघाली.

पण एक गोष्ट विद्यार्थिनीला आजच सांगून टाकली. त्या वर्षी गाजलेल्या औषधांत डायफेन्थियुरॉनही होतं. ते ऑर्गनोफॉस्फेट नाही. पेशीतल्या ऊर्जेच्या कारखान्यावर, मायटोकॉन्ड्रियावर, घाला घालतं. आमची पट्टी त्याच्यापुढे मुकी. प्रबंधाच्या पहिल्या पानावर हे आलंच पाहिजे, नाहीतर पट्टी ‘ठीक’ म्हणाली म्हणून कुणी गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप खांद्यावर घेईल.

१७ सप्टेंबर

खिडकीत ठेवलेले इलेक्ट्रोड आठवड्यात मंदावले, फ्रिजमधले बरे. थर वाळवण्याआधी ट्रेहॅलोज मिसळून पाहिलं: साखरेचाच प्रकार, पाणी उडालं तरी प्रथिनाची घडी मोडू देत नाही. फरक दिसतोय. मेच्या उन्हातलं मात्र कुणी विचारू नये. इथल्या मेमध्ये माणसं टिकत नाहीत.

दुसरी डोकेदुखी रक्ताची. बफरमधला सरळ आलेख रक्तद्रव टाकताच बिघडला. अल्ब्युमिन आणि इतर प्रथिनं थरावर येऊन बसतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या वरून रुजवल्या तर त्या पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना जवळ येऊ देत नाहीत. त्या दाट केल्या की पुन्हा जाडीचा प्रश्न. तूर्त पातळच ठेवायचं ठरलं.

खातरजमेला एलमनची १९६१ ची पद्धत आहेच: थायोकोलिन मिळालं की द्रावण पिवळं, मोजणी ४१२ नॅनोमीटरवर. स्वस्त, भरवशाची, आणि त्यात चिकटवायला काही नाही. बायोसेन्सरवाल्यांना ती जरा कमीपणाची वाटते. मला नाही.

२५ सप्टेंबर

विद्यार्थिनीचे वडील आले होते. इलेक्ट्रोड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “सर, ह्यानं समजते काय, आंगात किती औषध गेलं ते?”

म्हटलं, किती गेलं ते नाही समजत. एन्झाइम किती मंदावलं ते समजतं. रक्त घ्यायचं, त्यात माणसाचं स्वतःचं एन्झाइम किती जोमानं चालतं ते मोजायचं. पण प्रत्येकाचा मूळ आकडा वेगळा. एखाद्याचा जन्मतःच कमी. कॅलिफोर्नियात १९७४ पासून ठरावीक कामगारांचा आकडा हंगामाआधी घेतात. तांबड्या पेशींतलं एन्झाइम त्याच्या ७० टक्क्यांवर आलं की माणसाला औषधापासून बाजूला करतात.

ते म्हणाले, “मंग आता मोजून काय फायदा? आता तं फवारनी चालू हाये.”

बरोबर आहे. थर कितीही नीट बसला, तरी जूनचा आकडा नसेल तर सप्टेंबरच्या आकड्याला अर्थ अर्धाच.

३० सप्टेंबर

प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज ठेवला: मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, फवारणीला जाणाऱ्या मजुरांचं रक्त घेण्यासाठी नैतिक समितीची परवानगी हवी. पद्धत एलमनची, पट्टी सोबतीला. त्यांनी विचारलं, “पट्टी मुख्य का नाही? बातमी तिचीच होईल.” म्हटलं, पुढच्या वर्षी. वडिलांनी दारव्ह्याकडच्या गड्यांना विचारायचं कबूल केलं आहे. त्यांची अट एवढीच की रक्त पहाटे घ्यावं, कामाचा खाडा होता कामा नये.